कोपऱ्यातल्या बरगड्या

खांद्याच्या एक्स-रेत खांद्याचे काहीच बिघडलेले नव्हते. वयोमानाने झिजलेला सांधा, इतकेच. अहवाल तिथेच संपला असता. पण प्रतिमेच्या कोपऱ्यातून काही बरगड्या डोकावत होत्या, आणि त्यांतल्या तीन बरगड्यांवर जुन्या, जुळून आलेल्या अस्थिभंगांच्या गाठी होत्या.

दिवसातली ही एकसष्टावी प्रतिमा. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"खांदा विचारलाय, खांदाच लिहा," तंत्रज्ञ बाई म्हणाल्या. "खाजवून खरूज कशाला काढायची?"

"एकदा नव्हती काढली."

ती गोष्ट विभागात सर्वांना ठाऊक होती. एका तरुणीच्या मनगटाची हाडे पूर्वी मोडल्याच्या खुणा डॉक्टरांनी पाहिल्या होत्या, लिहिल्या नव्हत्या. ती पुन्हा आली ती थेट शवागारात.

"या आजींबरोबर कोण आहे?"

"नवरा. कपडे बदलायच्या खोलीपर्यंत मागे. तिला एकटं सोडत नाही म्हणे. विचारावं आजींना, उत्तर आजोबांचं."

डॉक्टरांनी दोघांना आत बोलावले. आजोबांनी खुर्ची आजींच्या खुर्चीला भिडवली. त्यांची नजर क्षणभरही आजींवरून ढळत नव्हती.

"आजी, मागे कधी पडला होतात?"

"नाही पडली ती," आजोबा म्हणाले.

"मी त्यांना विचारतोय."

"नाही हो," आजी म्हणाल्या. "पडले नाही कधी."

"आजोबा, पाच मिनिटं बाहेर बसा."

"मी इथंच बरा आहे."

"बसा बाहेर."

पायांत शिसे भरल्यासारखे ते उठले, दाराशी दोनदा थबकले. दार लागले, तरी धुरकट काचेमागे त्यांची आकृती तशीच उभी होती.

डॉक्टरांचा आवाज आपसूक खाली आला. "आजी, तुमच्या बरगड्या मोडल्या होत्या. इथलं बोलणं त्यांच्या कानावर जाणार नाही. कोणी मोडल्या?"

आजींनी काचेकडे पाहिले. "यांनीच."

डॉक्टरांचा हात टेबलावरच्या फोनकडे गेला. समाजसेविकेचा क्रमांक त्यांना पाठ होता. आपले अनुमान खरे ठरल्याचे समाधान कुठेच नव्हते. होता तो फक्त शीण, हाडांत मुरलेला.

"कोणाला सांगितलंत का कधी?"

"कशाला सांगू? बरगडी मोडल्याचा आवाज आठवला की अजून घास उतरत नाही त्यांच्या घशाखाली."

"मारून झाल्यावर पश्चात्ताप सगळ्यांनाच होतो, आजी."

"मारून?" आजी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, माझं हृदय बंद पडलं होतं. रुग्णवाहिका येईपर्यंत बारा मिनिटं हे एकटेच माझी छाती दाबत होते."