तिसरा अभिप्राय

फोन वाजला तेव्हा रुचिरा लॅपटॉपवर वाकून वेबसाइटच्या मेन्यूशी झगडत होती. मोठ्या स्क्रीनवर तो शहाण्यासारखा वर बसायचा, मोबाइलवर मात्र फोटोच्या मागे जाऊन दडायचा. सकाळपासून तिसऱ्यांदा. दोन वर्षांचा देवेश तिच्या मांडीवर बसून चार्जरची वायर ओढत होता.

"हॅलो, नंदामावशींचं पाळणाघर ना? वेबसाइटवर नंबर बघितला."

'कॉल करा'चं हिरवं बटण चालतंय का, ते बघायला रुचिराने त्यावर स्वतःचाच नंबर घातला होता. बदलायचा राहिला. आणि वेबसाइट कालच तिने मुलुंडच्या आयांच्या फेसबुक ग्रुपवर टाकली होती. साडेतीनशे जणींनी बघितली, हे नवऱ्याला दोनदा सांगूनही झालं होतं. वेबसाइट बनवायचा कोर्स सुरू केल्यापासूनचं तिचं हे पहिलं खरं काम.

"मावशींचा नंबर देते मी तुम्हाला. मी नुसती रुचिरा."

"रुचिरा म्हणजे देवेशची आई? वेबसाइटवर लिहिलंय त्या? मग बरंच झालं. मला तुमच्याशीच बोलायचंय."

अभिप्रायांसाठी पानावर तीन चौकटी होत्या. दोन अभिप्राय नंदामावशींनी मिळवून दिले, खऱ्या आयांचे. तिसरी चौकट रिकामी ठेवली की अख्खं पान एका बाजूला कललेलं दिसायचं. कोर्सचे सर म्हणायचे, लोक जाहिरातीवर नाही, माणसावर विश्वास ठेवतात, नाव द्या. रुचिराने नाव दिलं. 'माझा देवेश इथे हसत जातो आणि घरी यायला तयार नसतो.' तात्पुरतं म्हणून. मावशींनी वाचलं आणि हसल्या. "राहू दे गं. उद्या आणशीलच त्याला. समोरच्या विंगमध्ये तर यायचंय." त्या उद्याला महिना झाला होता.

"मी रश्मी," फोनवरची बाई सांगत होती. "कांजूरला राहते, ऑफिस मुलुंडला. सोमवारपासून परत जॉइन होतेय. मुलगी आठ महिन्यांची आहे आणि घरात बघायला कोणी नाही. सहा पाळणाघरं बघून झाली हो, सगळ्या बायका गोडच बोलतात. म्हणून म्हटलं, आईलाच विचारू. खरं सांगा, रडतो का देवेश?"

"नाही," रुचिरा म्हणाली. खोटं नव्हतं. मांडीवर बसलेलं पोर रडेल कशाला.

"पहिल्या दिवशी पण नाही? आणि जेवतो नीट? की कोंबतात घाईघाईत? झोपायचं औषध-बिषध नाही ना देत? हसू नका, ऐकलंय मी असलं."

रुचिरा हसत नव्हती. हे सगळे प्रश्न तिला पाठ होते. फोटो काढायच्या निमित्ताने मावशींकडे चार वेळा जाऊन ती पलंगाखाली, फ्रिजमध्ये, मोरीत, सगळीकडे नजर टाकून आली होती. वावगं काही सापडलं नाही. त्याचंच तिला जास्त टेन्शन आलं होतं.

"ऐका ना," ती एकदम म्हणाली. "ते मी उगाच लिहिलंय. वेबसाइट मीच बनवलीय. जागा रिकामी दिसत होती म्हणून टाकलं. देवेश कधी गेलाच नाही तिकडे."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आता ही ग्रुपवर लिहिणार, नावानिशी. पहिल्याच कामाची वाट लागली, आणि मावशींचं नाव जाईल ते वेगळंच.

"काय बाई आहात," रश्मी म्हणाली. "तेवढं वाचून मी काल नवऱ्याशी भांडले. म्हटलं, गावाहून आईंना बोलवायची गरज नाही, मला मिळालंय पाळणाघर."

"सॉरी. काढतेय. आत्ताच्या आत्ता काढतेय." तिने बोटं चालवलीही. तिसरी चौकट गेली. पान कललं.

"ते काढाल हो. पण मावशी कशा आहेत?"

"चांगल्या आहेत. खरंच खूप चांगल्या. मी रोज बघते ना खिडकीतून. संध्याकाळी आया न्यायला येतात तर पोरं मावशींचा पदर सोडत नाहीत."

"मग तुमचा का नाही ठेवलात?"

रुचिराने तोंड उघडलं. त्याला सर्दी आहे. अजून बोलत नाही नीट. पुढच्या महिन्यापासून बघू. नवऱ्याला दिलेली यातली एकही सबब या बाईपुढे काढवेना.

"मी घरीच असते ना," ती म्हणाली.

"आणि हे वेबसाइटचं काम कधी करता?"

"असंच. तो मांडीवर असताना."

"तरीच स्वतःचा नंबर टाकून बसलात."

दोघीही हसल्या नाहीत. देवेशने वायर सोडली आणि लॅपटॉपकडे हात नेला. रुचिराने तो अलगद बाजूला केला.

"एक करा," रश्मी म्हणाली. "आज मंगळवार. उद्यापासून सोडा त्याला मावशींकडे. मी शुक्रवारी फोन करते. मग काय ते खरं सांगा मला."

"अहो, पण..."

फोन बंद झाला होता.

रुचिराने लॅपटॉप मिटला. देवेशला मांडीवरून खाली उतरवलं. तो उघड्या दाराकडे दोन पावलं गेला आणि अडला. मान वळवून त्याने आईकडे बघितलं. त्याच्या शर्टाचं टोक तिच्या मुठीत होतं.