पळसाच्या तीनशे साठ काड्या

ढुंढिराजशास्त्र्यांनी पंचांग मिटलं. "या महिन्यात नाही जमायचं."

लीलानं कपाळाला हात लावला. मागच्या खेपेला अधिकमास होता, त्याआधी सोयर आणि त्याही आधी शास्त्रीबुवांचा गुडघा.

तिचा थोरला भाऊ वेणीमाधव नाहीसा झाला त्याला बारा वर्षं उलटली होती. इतकी वर्षं माणसाचा पत्ता नसला, अस्थीही हाती लागल्या नसल्या, की पळसाच्या तीनशे साठ काड्यांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. पण घरात पुरुष माणूस नव्हता. म्हणून कर्ता व्हायचं ते वेणीच्या गुरूंनी, आणि गुरू बसले होते पंचांगाआड दडून.

"शास्त्रीकाका, आई बारा वर्षं दिवसातून एकदाच जेवते. वेणी येईल नाहीतर त्याची क्रिया होईल, तेव्हाच दुसऱ्यांदा जेवेन म्हणते. आता तिला जिनासुद्धा चढवत नाही. मतलब, अजून किती थांबायचं?"

ती वैतागून तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर टेकली.

"तिथून ऊठ," शास्त्रीबुवा म्हणाले.

ती फणकाऱ्यानं उठली. हे वृंदावन म्हणजे बुवांचा जीव. जन्मात कधी घागर न उचललेल्या माणसानं स्वतःच्या हातानं विटा रचून बांधलेलं. एका बाजूला कललेलं होतं, सगळा ब्रह्मा घाट त्याला हसायचा.

लीला अठरा वर्षांची होती आणि गेली दोन वर्षं तिनं या प्रकरणाचा पिच्छा पुरवला होता. कोतवालीतल्या मुन्शीनं कंटाळत जुना कागद काढून दाखवला: तिन्हीसांजेला पोहायला गेला, बुडाला. गोऱ्या साहेबाची खाली सही, की काम संपलं. अहिल्याबाई घाटावरच्या नावाड्यानं हात झटकले. "हम तो खाली खड़ाऊँ देखे रहे, बिटिया." त्यानं नुसत्या खडावा पाहिल्या होत्या. वेणीबरोबर शिकलेले आता स्वतः गुरुजी झाले होते, त्यांना फुरसत नव्हती.

वेणी शेवटचा दिसला तो इथंच, शास्त्रीबुवांच्या पाठशाळेत. बुवा थट्टेतही खोटं बोलत नाहीत अशी त्यांची ख्याती. पण त्यांच्याकडून उत्तर काढायचं म्हणजे वाळूतून तेल काढण्यासारखं. लीलानं ती उत्तरं वहीत जशीच्या तशी उतरवली होती.

"तो घाटावर गेला का?"

"जाताना मी पाहिला नाही."

"मग तो जिवंत असेल, असं वाटतं तुम्हांला?"

"पुतळा जाळू नये, एवढं वाटतं."

म्हाताऱ्याला अजून आशा होती. लीलाला त्यांची कीव यायची, पण कीव येऊन आईच्या पोटात घास जात नव्हता.

"ठीक आहे," ती म्हणाली. "उद्यापासून मीही अन्न सोडते. आईच्या आधी मी गेले, तर माझी क्रिया तरी वेळेवर करा."

शास्त्रीबुवांनी पंचांग बाजूला सारलं. "परवा सकाळी," ते शेवटी म्हणाले. "अमृतराव घाटावर."

त्या सकाळी बिंदुमाधवभट मंत्र सांगायला आले होते. त्यांनी काड्या मांडल्या, डोकं, हात, पाय. आई पायरीवर बसली होती, डोळे पुतळ्याला लागलेले. लीला तिला धरून होती. आज घरी जाऊन आईला रात्रीचा वरणभात वाढायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

शास्त्रीबुवांनी ओंजळीत गंगेचं पाणी घेतलं.

"संकल्प म्हणा," बिंदुमाधवभट म्हणाले. "याच्या अस्थी मिळाल्या नाहीत, म्हणून हा पुतळा..."

बुवा बोलेनात. पाणी बोटांतून गळून गेलं.

आता काय, लीलाच्या मनात आलं. गुडघा की मुहूर्त?

त्यांनी पुन्हा पाणी घेतलं. भटांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा ओंजळ रिकामी झाली.

"शास्त्रीकाका, आता तरी म्हणा ना," लीला रडकुंडीला येऊन म्हणाली.

बुवांनी तिच्या आईकडे पाहिलं आणि ओले हात गुडघ्यांवर ठेवले.

"गंगा हातात घेऊन हे म्हणता येत नाही मला. बिंदुमाधव, काड्या उचल. माझ्या अंगणातलं वृंदावन खणायला माणसं बोलाव."