भंगारातली बोट

थेल्माने बर्मिंगहॅमच्या कालव्यावरची ती जुनी बोट भंगाराच्या भावात घेतली, तेव्हापासून शेजारच्या बोटीवरचा म्हातारा आल्बी रोज ऐकवायचा, "पोरी, हे धूड जागचं हलायचं नाही!" आणि ऐकवता ऐकवताच स्वतःकडचे नटबोल्ट, तळाला फासायला उरलंसुरलं डांबर तिच्या हातात कोंबायचा.

आज इंजिन खोकलं, गुरगुरलं आणि चक्क धडधडायला लागलं! काठावरची बदकं फडफडत उडाली.

"बघा म्हातारबुवा, बघा!" थेल्मा किंचाळलीच. तिने इंजिनाचा जोर वाढवला. मागे पाण्याला फेस आला, पण बोट तसूभर हलेना.

"सांगत होतो ना?" काठावरून आल्बी म्हणाला.

तिने वळून पाहिलं. मघाशी तिने स्वतः सोडलेला दोर पुन्हा खुंट्याला करकचून बांधलेला होता, आणि त्या खुंट्यावर आल्बी पाठमोरा बसला होता.

"चहा टाकलाय," तो म्हणाला. "तेवढा पिऊन जा."