तीन पांढरे

“हाही पांढरा नाही,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी जहाज छापाची बाटली बाजूला सरकवली.

लेकीने ती उचलून खिडकीत आधीच्या दोन बाटल्यांच्या शेजारी ठेवली. महिनाभरात आप्पांनी तीन कंपन्यांचे पांढरे रंग मागवले आणि तिन्ही नापास केले. घोडा छाप मळकट. किल्ली छाप त्याहून मळकट. जहाज छापवाल्यांनी तर, त्यांच्या मते, फडकं पिळून ते पाणी बाटलीत भरलं होतं. सगळ्या कारखान्यांनी एक होऊन आपल्यालाच फसवायचं ठरवलंय, अशा थाटात ते बोलत.

काम नाजूक होतं. मोठी इमारत उभी करण्याआधी तिची पुठ्ठ्याची छोटी इमारत करतात. तिच्या दारात, जिन्यात, व्हरांड्यात उभी करायची नखाएवढी माणसं आप्पा रंगवत. चाळीस वर्षं रंगवत होते. या वेळी इस्पितळ होतं. साठ डॉक्टर आणि नर्स, एकजात सगळे पांढऱ्या कोटात. आणि पांढरा म्हणजे सगळ्या रंगांत खट्याळ. रंगाच्या एका हातात झाकत नाही, दुसऱ्या हाताला गोळा होतो आणि कोटाच्या घड्या बुजवून बसतो. त्यामुळे कंपनी बघूनच रंग घ्यावा, हे आप्पांचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

लेक त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून त्या माणसांचे पाय चिकटवायची. तिला तिन्ही पांढरे चांगले पांढरेशुभ्र दिसत होते. एकदा डोळे तपासून घ्या, असं तिने दोनदा सुचवून पाहिलं. पहिल्यांदा आप्पांनी विषय बदलला, दुसऱ्यांदा ताटावरून उठले. त्यांच्या जोडीला काम करणारा एक सोबती डोळ्यांचं ऑपरेशन करून आला, तो पुन्हा टेबलाशी बसलाच नव्हता. त्याला वाचता येत होतं, फिरता येत होतं, पण ब्रश सुटला तो सुटलाच. आप्पांना मरणाची भीती नव्हती. त्या खुर्चीवरून उठायची होती.

आज मात्र लेकही हट्टाला पेटली. शेवटी बापाचीच मुलगी.

“लेबलं काढून देते,” ती म्हणाली. “तिन्ही कंपन्या ओळखून दाखवा. एक जरी चुकली, तरी माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायचं. तिन्ही बरोबर आल्या, तर मी पुन्हा डोळ्यांचं नाव काढणार नाही.”

“शब्द?”

“शब्द.”

ती आत गेली. औषधाच्या तीन रिकाम्या बाटल्यांत रंग ओतून, त्यांच्यावर मोठे ठळक आकडे घालून बाहेर आली. प्रत्येक बाटलीपुढे तिने एकेक डॉक्टर उभा केला आणि हाताची घडी घालून समोर बसली.

आप्पांनी पहिली बाटली उघडली. आत काय दिसलं, ते त्यांनी कुणालाही सांगितलं नसतं. गेले कित्येक महिने जे दिसत होतं तेच दिसलं, धुकं. त्यांनी ब्रश बुडवला, डॉक्टरच्या खांद्यापासून खाली ओढला. रेघ सरळ उतरली. हात अजून त्यांचाच होता. मग केस जुळवून टोक काढण्यासाठी त्यांनी ब्रश ओठांत धरून फिरवला. रंग पाण्यातला होता, आणि ही खोड जन्मभराची. तिच्यावरून बायकोची बोलणी खाल्ली होती. पण त्या खोडीने जिभेला जे शिकवलं होतं, ते डोळ्यांनाही कधी कळलं नव्हतं. घोडा छाप कडवट. किल्ली छाप खडूसारखा कोरडा. जहाज छाप किंचित खारट.

पहिला खारट लागला.

ही लबाडी होती, हे त्यांना कळत होतं. मनाला थोडं टोचलंही. पण पैज कंपनी ओळखायची होती. ती कशाने ओळखायची, ते कुठे ठरलं होतं? त्यांनी डॉक्टरला उजेडात धरलं, मान वाकडी केली, भुवई उंचावली, दोनदा हुंकार भरला. नाटकात काही कमी ठेवलं नाही. मग पुढची बाटली, मग त्याच्या पुढची. दर वेळी ब्रश धुवून, पुसून, घाई न करता.

तिन्ही डॉक्टर वाळत उभे राहिले तेव्हा आप्पा खुर्चीत मागे रेलले.

“पहिला जहाज छाप. दुसरा किल्ली. तिसरा घोडा.”

लेकीने तिन्ही डॉक्टर एकेक करून निरखले. मग म्हणाली, तिन्ही बरोबर आहेत.

आप्पांचा ऊर भरून आला. खुर्ची राहिली होती. ब्रश राहिला होता. आता जिंकल्यावर थोडं मोठं मन दाखवायला हरकत नव्हती. त्यांनी किल्ली छापवाल्यांनाही माफ करून टाकलं.

“दुसराच घेऊ या,” ते म्हणाले. “त्यातल्या त्यात तोच खरा पांढरा. साठच्या साठ त्यातच रंगवतो.”

लेकीने मधला डॉक्टर उचलला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

“मी हरले, आप्पा. शब्द दिलाय, डोळ्यांचं नाव काढणार नाही,” ती म्हणाली. “पण दोन नंबरच्या बाटलीत मी किल्ली छापाचा पिवळा भरला होता.”