साबणाचं पाणी

मूर्तिजापुरात घराच्या अंगणात मोटारसायकली दुरुस्त करणारे नागसेन गाडीचे पार्ट उघड्या घमेल्यात पेट्रोलनं धूत. त्यांचे हात सोलवटले, तेव्हा केमिस्ट्री शिकलेल्या त्यांच्या लेकीनं, प्रणालीनं, त्यांना मशीन करून दिलं. झाकणाची टाकी, कूलरचा पंप आणि साबणाचं गरम पाणी.

आठवड्यानं तिनं अमरावतीहून फोन केला.

"बाबा, कसं चालून राह्यलं मशीन?"

"एक नंबर! फक्त तुह्या साबणानं चेनचं ग्रीस निघे ना. मंग आज टाकीत पेट्रोलच भरलं."

"बाबा, पंप लावू नका! आत साठलेल्या वाफेत ठिणगी पडली तर..."

"भेतं काहून वं? सकाळपासून झाकण लावूनच ठेवलं. थांब, पंपाचा आवाज ऐकवतो तुले."

 

बटनाचा खटका तिला स्पष्ट ऐकू आला, पाठोपाठ एक धडाका. पंपाचा आवाज मात्र आलाच नाही.