अध्यक्षबेन

बशीतला गरम सुरती लोचो खाता खाताच मुख्याध्यापिका जयश्रीबेननी रजिस्टर भागीरथीपुढे सरकवलं. बोटाचं तेल पानाच्या कोपऱ्याला लागलं. त्यांनी ते पदरानं पुसून पाहिलं, डाग आणखी पसरला, तसा नाद सोडला.

"अध्यक्षबेन, अहीं सही करी आपो. फक्त फॉर्मॅलिटी छे."

भागीरथीनं पेन हातात घेतलं. अशा सह्या तिनं दोन वर्षांत सात-आठ वेळा केल्या होत्या. शाळेच्या समितीवर पालक हवेत, अध्यक्षही पालकच हवा, असा कायदा आहे. म्हणून सुरतेतल्या लिंबायतच्या या मराठी शाळेनं सहावीतल्या दिपालीच्या आईला, म्हणजे भागीरथीला, अध्यक्ष करून टाकलं होतं. रजिस्टर गुजरातीत. तिला ते वाचता येत नाही, असं सगळेच धरून चालले होते.

पण साडी मार्केटच्या गोडाऊनमध्ये नऊ वर्षं खोक्यांवर लेबलं चिकटवलेल्या बाईला गुजराती अक्षरं न शिकवताच येतात. आजवर तिनं वाचायची तसदी घेतली नव्हती, एवढंच. आज सहीच्या वरच्या ओळीत तिला 'मराठी' दिसलं, आणि त्याच्या पुढे 'बंध'.

तिनं पेन खाली ठेवलं आणि ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेली.

सभा मागच्या शनिवारी झाली म्हणे. सर्व पालकांनी एकमतानं मागणी केली म्हणे, की मराठीचे वर्ग बंद करा आणि मुलांना गरनाळ्यापलीकडच्या गुजराती शाळेत घाला. त्याखाली अध्यक्षबेनचं भाषणही होतं, चांगलं चार ओळींचं. मराठी शिकून आमच्या मुलांना काही फायदा नाही, असं ती म्हणाली होती. आणि शेवटी तिनं आचार्यबेनचे, म्हणजे जयश्रीबेनचे, आभार मानले होते.

"हे मी कधी बोलले?" भागीरथीनं विचारलं.

जयश्रीबेन क्षणभर चावायच्या थांबल्या. मग हसल्या. "अरे वा, गुजराती पढना आता है! बेन, ऊपर से लेटर आया है. बच्चे कम हैं. आज नहीं तो कल बंद होना ही है."

"कमी कुठं? दिपालीच्या वर्गात बेचाळीस पोरं हायेत."

जयश्रीबेननी पुढचा घास घेतला. रेल्वेखालच्या त्या गरनाळ्यात पावसाळ्यात कमरेइतकं पाणी भरतं. आठवीनंतर पलीकडे जावं लागतं म्हणून तिच्या गल्लीतल्या दोन पोरी मागच्या वर्षीच घरी बसल्या होत्या. आता दिवसभर साड्यांना टिकल्या लावत होत्या.

गजेंद्र सर खुर्ची सरकवून तिच्या शेजारी आले. याच शाळेतले शिक्षक, अमळनेरकडचे. वर्गाबाहेर ते गुजराती नाहीतर हिंदी बोलायचे, मुलांच्या आई-बापांशी सुद्धा. आज त्यांनी मान वाकवली, आवाजात गूळ कालवला आणि तिच्या अहिराणीवर आले.

"ताई, आपलाच मानूस सांगी राहिना तुमले. करी द्या सही. दिपालीनं पुढलं सगळं मी दखसू."

भागीरथीचं लक्ष पानावरच होतं. खाली सभासदांच्या सह्या झालेल्या होत्या. दुसऱ्या ओळीत पुष्पाबाईंची, ऐटदार, शेवटी शेपटी काढलेली. पुष्पाबाई लेकीच्या बाळंतपणाला पारोळ्याला जाऊन दीड महिना झाला होता. आणि पुष्पाबाई अंगठा लावतात.

"सर, ही सही कुणी केली?"

गजेंद्र सरांनी खिशातलं पेन उगाच काढलं आणि परत ठेवलं.

भागीरथीनं पेन उचललं. सहीच्या जागी, मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहिलं: 'ही सभा झाली नाही. मी असं बोलले नाही.' खाली नाव लिहिलं आणि रजिस्टर परत ढकललं.

जयश्रीबेननी ते वाचलं. रागावल्या नाहीत. तिला वाटलं होतं ओरडतील, निदान पान फाडतील.

"पन्नों पर नंबर हैं, मॅडम. फाड नहीं सकते," गजेंद्र सर म्हणाले.

"तो व्हाइटनर लगावो ने."

सरांनी ड्रॉवरमधून बाटली काढली. मुलांच्या वह्या तपासताना रेघ मारावी तशा सवयीच्या हातानं त्यांनी तिच्या दोन्ही वाक्यांवर पांढरा ब्रश फिरवला. मग तिच्या नावावर. आणि ओठांचा चंबू करून, लवकर वाळावं म्हणून, ते पानावर हळूहळू फुंकर मारत राहिले.

"अध्यक्ष तो बदली शकाय," जयश्रीबेन म्हणाल्या आणि बशी जवळ ओढली. "बाहर वो रंजनाबेन बैठी है ना, स्कॉलरशिप के फॉर्म के लिए? उनको बुला लो."

भागीरथी उठली. बाहेर बाकावर बसलेल्या रंजनाच्या हातात फॉर्म होता. "आतल्या रजिस्टरात काय लिहिलंय ते वाचून घे आधी," भागीरथी तिला म्हणाली. रंजनानं मान हलवली, पण नजर खाली वळवली. तिच्या पोरीच्या फॉर्मवर शाळेचा शिक्का अजून पडायचा होता.

मधली सुट्टी झाली होती. मैदानात पोरं अहिराणी, हिंदी, गुजराती सगळं एकत्र करून भांडत होती. भागीरथी फाटकाशी पोचली तेव्हा मागून चपला वाजल्या. गजेंद्र सर धापा टाकत आले. बोटाला पांढरा रंग तसाच होता.

"ताई, मन्हा इलाज नव्हता. वरथून दबाव शे. तुम्ही मन्हा बहीनना जागावर—"

"सर," भागीरथी त्यांच्याकडे न बघता फाटकाची कडी काढत म्हणाली, "मन्हासंगे गुजरातीमाच बोला."