आतली कडी

उभ्या गावाची कुलपं उघडून देणाऱ्या चावीवाल्याने पोटच्या पोराला मात्र खोलीत कोंडलं होतं. मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून परतला, त्याच दिवशी बापाने दाराला बाहेरून कडी बसवली. दिवेलागणीला दारूचं दुकान पोराला हाका मारील, हीच त्याला धास्ती होती. “अहो, देवानेसुद्धा एदेन बागेतल्या त्या मनाई केलेल्या फळाच्या झाडाला कुंपण घातलं नव्हतं,” बायको म्हणाली. “म्हणूनच तर सगळा घोटाळा झाला!” तो खेकसला. “झाला. पण कोंडलेल्यांचं प्रेम देवाला नको होतं.” चावीवाला उठला. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याने ती कडी काढली आणि दाराला आतून बसवली. दिवे लागले. बाहेर ताटावर बसलेल्या बापाचा घास हातातच राहिला. कडी खडखडली, तसा तो ताटावरून अर्धवट उठला. दार उघडलं नाही. आतून आवाज आला, “बाबा, कडी मीच लावलीय. तुम्ही जेवून घ्या.”